शून्याचा रुमाल

उमा मॅडमना राग लवकर यायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्यांचं कौतुकच येणार आहे आणि उगाच कुणाला वाटायचं की बाई आभाळातून उतरल्या होत्या. तसं काही नव्हतं. खडू मोडला तरी चिडायच्या, बस चुकली तरी चिडायच्या, आणि सातवीतल्या पोरानं सातचा पाढा अडखळत म्हटला की त्यांच्या कपाळाची शीर दिसायला लागायची.

त्यातही दोष सगळा त्यांचा नव्हता. वडील अनंतराव कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून होते. त्यांच्या घरात पानावर बसल्यावर वरण वाढेपर्यंत पावकी-निमकीचे पाढे म्हणायची पद्धत होती. उमाला त्यामुळे आकडे आपल्या गल्लीतल्या माणसांसारखे ओळखीचे होते. ज्याला आकडा कळत नाही तो मुद्दाम करतोय, असंच तिला लहानपणापासून वाटत आलेलं. पुढे शिक्षिका झाल्यावरही ते वाटणं गेलं नाही. ते घालवलं बोरखेडच्या पोरांनी.

बोरखेड पैठणच्या रस्त्यावर, बिडकीनच्या पुढे फाट्यावरून आत. उमा मॅडम राहायच्या शहरात, बीड बायपासच्या पलीकडे, जिथे रोज सकाळी उठलं की एक नवी इमारत वर आलेली दिसायची. तिथून स्कूटी, मग एसटी, मग फाट्यापासून पायी, असं करत त्या शाळेत पोचायच्या. २०१५ साली त्यांच्याकडे पाचवीचं गणित आलं. त्या आधीच्या वर्षी पाऊस फसवून गेला होता आणि त्या वर्षी तर त्याने तोंडही दाखवलं नव्हतं. गंमत अशी की जायकवाडीचं पाणी शहराला नेणारा मोठा पाइप बोरखेडच्या शिवेवरूनच जायचा. पोरं त्या पाइपाला कान लावून आतला आवाज ऐकायची आणि गावात टँकर कधी येतो त्याची वाट बघायची.

टँकर आला की गल्लीगल्लीतून फिरायचा. दारादारापुढे टिपाडं, म्हणजे पाण्याची पिंपं, मांडलेली असायची. टँकरवाला पाइप सोडायचा, टिपाड भरलं की पुढच्या दाराला जायचा. ज्या दाराला कुलूप दिसेल ते सोडून द्यायचा. आणि त्या वर्षी कुलपं वाढतच चालली होती. कुणी वाळूजला कंपनीत, कुणी शेंद्र्याला, बहुतेक जण शहरात बांधकामावर.

तर अशा गावात उमा मॅडमनी एके दिवशी फळ्यावर भागाकार घातला. सहाशे अठरा भागिले सहा. साऱ्या वर्गाचं उत्तर एकच आलं. तेरा.

"सहाशे अठरा गोळ्या सहा जणांत वाटल्या," मॅडम म्हणाल्या, "आणि एकेकाला तेराच आल्या? तेरा सक अठ्ठ्याहत्तर. मग बाकीच्या गेल्या कुठं? मी खाल्ल्या?"

पोरं खदखदून हसली. मॅडमना मात्र हसू येईना. चूक कुठे होतेय ते त्यांना दिसत होतं. सहाला सहाचा भाग एकदा जायचा. पुढचा एक खाली घेतला की त्याला सहाचा भाग जात नाही, म्हणून पोरं काहीच न लिहिता लगेच आठ खाली घ्यायची. अठराला तीनदा भाग गेला की एक आणि तीन, झाले तेरा! मधलं शून्य गायब. एकशे तीनचे तेरा झाले तरी कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं.

मूळ दुखणं स्थानिक किमतीचं आहे, असं ठरवून त्यांनी भागाकार बाजूला ठेवला आणि संख्या लिहायला घेतल्या. पहिल्या रांगेत प्रेरणा बसायची. फकिराची थोरली पोरगी, बोलायला धीट, अक्षर टपोरं. तिला त्या म्हणाल्या, "चार हजार सात लिही."

प्रेरणाने फळ्यावर सुबक लिहिलं : ४७.

मॅडमनी डोळे मिटून घेतले. मग फळ्यावर चार घरं काढली. अगदी दारं-खिडक्यांसकट काढली. "हे हजाराचं घर, हे शतकाचं, हे दशकाचं, हे एककाचं. हजाराच्या घरात चार जण राहतात. शतकाच्या घरात कुणी नाही. दशकाच्या घरात कुणी नाही. एककाच्या घरात सात जण. आता लिही बघू."

प्रेरणाने घरांकडे नीट बघितलं आणि पुन्हा लिहिलं : ४७.

"अगं पण का?" मॅडमचा आवाज चढला. "मधली दोन घरं तुला दिसत नाहीत?"

"दिसत्यात की मॅडम," प्रेरणा म्हणाली. "पर ती बंद हायेत ना. बंद घराला टँकर थांबत नाय."

मागून दोघातिघांनी मान हलवली. व्हय मॅडम, नाय थांबत.

उमा मॅडमनी फळ्यावरची ती चार घरं पुन्हा बघितली. पोरगी चुकली नव्हती. तिने डोळ्यांनी रोज बघितलेलं तेच लिहिलं होतं. रिकामं घर गाळून पुढे जायचं, हे तिला गावाने शिकवलं होतं, आणि मॅडमनी नेमकी घरंच काढून दाखवली होती. त्या दिवशी त्यांना राग आला तो स्वतःचा, आणि तो लवकर उतरलाही नाही.

पुढच्याच आठवड्यात शिक्षकांच्या बैठकीसाठी त्यांना पैठणला जावं लागलं. परतीच्या एसटीला ही गर्दी. दारात लोंबकळणाऱ्यांना ढकलत त्या आत शिरल्या तर खिडकीशेजारची एक जागा मोकळी! पाय दुखत होते, त्या चटकन पुढे झाल्या. एवढ्यात शेजारची बाई म्हणाली, "ओ बाई, रुमाल हाये तिथं. दिसंना का?"

सीटवर खरंच एक मळकट, चौकड्यांचा रुमाल पसरलेला होता. कुणीतरी खालून खिडकीतून टाकलेला. त्याच्याजवळ एक म्हातारेबुवा दांड्याला धरून डुलत उभे होते, एक पोटुशी बाई उभी होती, पण त्या जागेवर बसायचं कुणाच्या मनातही येत नव्हतं. कंडक्टर "सरका पुढं, सरका पुढं" म्हणत ओरडत आला, तोही त्या रुमालाला वळसा घालून गेला. उमा मॅडमना आधी तिरमिरी आली. जागा रिकामी, माणूस नाही, आणि आपण उभं राहायचं?

आणि मग त्यांना एकदम हसूच फुटलं. माणूस नाही. पण जागा धरलेली आहे. ती कुणी घेत नाही, तिच्यावरून कुणी सरकत नाही. बोरखेडचं झाडून सगळं पोर हा कायदा आईच्या कडेवर असल्यापासून जाणतं! रुमालाचा मालक पाण्याची बाटली घेऊन आला, ऐटीत बसला, गाडी हलली, आणि मॅडम बिडकीन येईपर्यंत उभ्याने एकट्याच हसत होत्या. शेजारच्या बाईने पदर सावरत थोडं अंतर घेतलं.

दुसऱ्या दिवशी वर्गातली तरटपट्टी एसटी झाली. खडूने चार सीटा आखल्या : हजार, शतक, दशक, एकक. पाटीवर चार लिहिलेली पोरगी हजाराच्या सीटवर बसली, सातचा पोरगा एककाच्या. मधल्या दोन जागांवर मॅडमनी आपले दोन रुमाल पसरले.

"आता वाचा."

"चार हजार सात!"

"आता बघा हं." त्यांनी दोन्ही रुमाल उचलले आणि कंडक्टरसारख्या ओरडल्या, "सरका, सरका, मधी जागा ठेवू नका!" चारवाली सरकत सरकत सातच्या पोराला येऊन चिकटली.

"आता ही कोणत्या सीटवर आली?"

"दशकाच्या."

"मग किती झाले?"

प्रेरणा गुडघ्यांवर उभी राहिली आणि घाबरल्यासारखी म्हणाली, "मॅडम, चार हजाराचे चाळीसच झाले की वो!"

"झाले ना? कशानं झाले?"

"रुमाल उचलला म्हणून!"

त्या दिवसापासून बोरखेडच्या पाचवीत शून्याला रुमाल हेच नाव पडलं. भाग जात नाही? रुमाल टाका, मगच पुढचा अंक खाली घ्या. सहाशे अठराचं उत्तर एकशे तीन आलं आणि पोरांनी लगेच उलटा गुणाकार करून पडताळा घेतला. तीन सक अठरा, आठ लिहिले, हातचा एक. रुमालाला सहाने गुणलं तरी रुमालच, त्यात हातचा एक मिळवला. सहा एके सहा. सहाशे अठरा! गोळ्या मॅडमनी खाल्ल्या नव्हत्या. मग सत्तर हजार पाच आलं, नऊ लाख नऊ आलं, पोरं एकमेकांना अवघडात अवघड संख्या घालायला लागली. मुख्याध्यापक साहेबराव सर दारातून डोकावून म्हणाले, "हा वर्ग आहे का बसस्टँड?" मॅडम म्हणाल्या, "सर, तिकीट काढा आणि आत या." आणि सर खरंच आत येऊन बसले.

प्रेरणाने तर कमालच केली. ती शून्य गोल काढेना. चौकोनी काढायची, आणि एक कोपरा दुमडलेला दाखवायची. मॅडम दोनदा ओरडल्या, शून्य गोल असतं गं. पोरगी म्हणाली, "गोल रुमाल कुठं असतो मॅडम?" मग त्यांनी नाद सोडला.

दिवाळीची सुट्टी संपली आणि शाळा पुन्हा भरली तेव्हा फकिराच्या घराला कुलूप होतं. नवरा-बायको दोघं पोरांना घेऊन शहरात बांधकामावर गेली होती. कुठे, ते कुणालाच धड सांगता येईना. "बायपासला," एवढंच. पण वर्गात पहिल्या रांगेत, प्रेरणाच्या जागेवर, एक गुलाबी रुमाल पसरलेला होता. सुट्टीच्या आदल्या दिवशी सगळे गेल्यावर पोरगी तो टाकून गेली होती आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवून गेली होती.

उमा मॅडम रुमालाजवळ खाली बसल्या आणि एक सरकलेला खडा त्यांनी पुन्हा कोपऱ्यावर ठेवला. पुढे काय होतं ते त्यांना माहीत होतं. मागच्या दुष्काळात त्यांची अशीच एक विद्यार्थिनी कामावर गेली होती, चार महिन्यांसाठी म्हणून. ती पुन्हा दिसली ती बिडकीनच्या बाजारात, गळ्यात मंगळसूत्र घातलेली आणि मॅडमना बघून मान खाली घालणारी. पोरगी एकदा पाणी भरायला आणि धाकटं सांभाळायला लागली की घराचा खांबच होऊन बसते. मग खांब कोण काढून देतं?

साहेबराव सर माणूस भला, पण व्यवहारी. "मॅडम, गेली ती गेली," ते म्हणाले. "पोरांना पुढं सरकवून बसवा. ती जागा कशाला अडवून ठेवता?"

"सर, सरकलं की चार हजार सातचे सत्तेचाळीस होतात," मॅडम म्हणाल्या आणि वर्गात निघून गेल्या. सरांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

रुमाल राहिला. पोरं त्याच्या कडेने झाडायची, त्याच्यावरून उडी मारली तर दंड म्हणून भागाकार सोडवायला लावायची. धुळीने तो काळा पडला तेव्हा एका मुलीने घरच्या टिपाडातलं तांब्याभर पाणी आणून तो धुतला. त्या वर्षी तांब्याभर पाणी म्हणजे काय, ते ज्यांनी ते वर्ष काढलं त्यांनाच विचारावं.

आणि उमा मॅडमनी शोध सुरू केला. संध्याकाळी एसटीतून उतरल्या की घरी जायच्या आधी स्कूटी एखाद्या बांधकामाकडे वळवायच्या. शहर तर चहूकडून सुटलं होतं. जिथे काल ज्वारी होती तिथे आज लोखंडी सळया उभ्या. वॉचमन विचारायचे, "फ्लॅट बघायचाय का मॅडम?" या म्हणायच्या, "नाही, पोरगी बघायचीय," आणि मग ते भलताच अर्थ काढून मुलाची चौकशी करायचे. हसण्यावारी न्यावं तरी किती? कितीदा त्या हात हलवत परत आल्या, वैतागल्या, आता पुरे म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्कूटी वळवली.

मार्चमध्ये एका अर्धवट इमारतीजवळ त्या थांबल्या. कुणी भेटलं नाही म्हणून वळणार, तोच त्यांना प्लास्टर न केलेल्या भिंतीवर कोळशाने लिहिलेले आकडे दिसले. उतरवलेल्या विटांची मोजदाद. दोन हजार पाच. तीन हजार चाळीस. टपोरं अक्षर, आणि सगळी शून्यं चौकोनी. एक कोपरा दुमडलेला.

मॅडम तिथेच मोठ्याने ओरडल्या, "प्रेरणा!"

पोरगी विटांच्या थप्पीमागून निघाली. कडेवर धाकटा भाऊ, हातात बादली. मॅडमना बघून तिने बादली खाली ठेवली आणि ती रडायलाच लागली. फकिरा धावत आला, त्याला वाटलं कुणी पोरीला मारलं.

पत्र्याच्या खोलीसमोर बसून बोलणं झालं. फकिरा वाईट माणूस नव्हता, बेजार झालेला होता. "गावात पाणी नाय मॅडम, इथं काम हाये. पोरगी हुशार हाये, मला कळतं. पर ती शाळेत गेली तर बारक्याला कोण बघंल? पाणी कोण भरंल?"

मॅडमच्या कपाळाची शीर ताठली होती. बोलायला पुष्कळ होतं, कायदा होता, वय होतं, मागच्या दुष्काळातली ती पोरगी होती. पण त्या चिडल्या असत्या तर फकिराने मान डोलावून दुसऱ्या दिवशी साइट बदलली असती, हेही त्यांना कळत होतं. मोठ्या कष्टाने त्यांनी राग गिळला आणि एवढंच म्हणाल्या, "फकिराभाऊ, तिची जागा तशीच आहे वर्गात. जाताना रुमाल टाकून आली होती. अजून आहे तिथं."

"दिवाळीपासून?"

"दिवाळीपासून."

"अन् कुणी उचलला नाय?"

"कुणी नाही."

फकिराने आयुष्यभर एसटीच्या खिडक्यांतून रुमाल टाकले होते. पाच मिनिटं जागा राहिली तरी माणूस नशीबवान समजतो. इथे त्याच्या पोरीसाठी अख्ख्या वर्गाने हिवाळा काढून उन्हाळ्यापर्यंत जागा राखली होती. मग त्याची बायको चतुराबाई, जी इतका वेळ भाकरी थापत नुसती ऐकत होती, ती म्हणाली, "इथल्या सरकारी शाळंच्या वळणाला अंगणवाडी हाये. बारकं तिथं बसंल. पाणी मी भरते पहाटं उठून. पोरीला बसू द्या."

फकिरा उठला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "रुमाल टाकल्याव जागा खाली ठिवत नसत्यात," तो म्हणाला. "जूनपासून इथंच घाला तिचं नाव. मी काम इथलंच धरतो."

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी मॅडमनी बोरखेडच्या वर्गातला तो रुमाल उचलला. उचलण्याआधी वर्गाची परवानगी घेतली. "तिला दुसरीकडं जागा मिळाली," त्या म्हणाल्या. पोरांनी विचारलं, आता सरकायचं का? मॅडम म्हणाल्या, सरका, आणि त्यांनी रुमालाची घडी करून तो पर्समध्ये ठेवला.

तरी एक काळजी उरलीच होती. शहराच्या कडेची ती सरकारी शाळा वाढत्या वस्तीने फुगली होती. दोघांच्या बाकावर चौघं, बाकीचे जमिनीवर, आणि उशिरा येईल तो दारात. प्रेरणा बारक्याला अंगणवाडीत सोडून यायची म्हणजे पहिल्या दिवशी उशीर ठरलेला. नव्या वर्गात, अनोळखी पोरांत, मागे दाराशी बसलेलं पोर किती दिवस टिकतं हे मॅडमना ठाऊक होतं. पण त्यांची स्वतःची शाळाही त्याच दिवशी उघडत होती, थांबणार कशा?

जूनमधल्या त्या सकाळी शाळा उघडायच्या आधीच त्यांनी तिथे स्कूटी लावली. सहावीच्या खोलीला कुलूप होतं. खिडकी उघडी होती. इकडेतिकडे बघत त्यांनी पर्समधला गुलाबी रुमाल काढला, गजांतून हात घातला, पहिल्या बाकावर टाकला आणि बस गाठायला निघाल्या.

संध्याकाळी त्या आल्या तेव्हा प्रेरणा रस्त्यावर येऊन वाट बघत होती.

"बसायला मिळालं का गं?"

"एक पोरगी आली होती मॅडम. म्हणली, मी आधी आले, ही जागा माझी."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी काहीच नाय म्हणले. नुसता रुमालाकडं हात केला."

"मग?"

"मग काय," प्रेरणा म्हणाली, "सरकली की."